मुलासाठी तीन अक्षरी नाव : कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक शाळेत हजेरी घेता घेता पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांची नावं माझ्या तोंडात बसली. त्यामुळे कुणाच्या घरी पाळणा हलला की फोन येतो, "बाई, झिलासाठी एक नाव सांगा, तीन अक्षरी हवं." विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवली आहेत. वेंगुर्ला-मालवणकडची उदाहरणं जास्त येतील, पण रत्नागिरी-रायगडवाल्यांचं काही अडू नये.

तीन अक्षरं मोजायची कशी? जोडाक्षर एक धरायचं की दोन?

एकच. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांनी संख्या वाढत नाही. प्रसाद, अर्जुन, अनंत, आदित्य, ओंकार, सिद्धार्थ ही सगळी तीन अक्षरी. अर्जुनमधलं 'र्जु' एक, सिद्धार्थमधलं 'र्थ'ही एक. ध्रुव दिसायला भरगच्च, पण दोनच. यशवंत आणि अनिकेत चार.

कागदावरचा हिशेब असा. तोंडाचा हिशेब वेगळा असतो. 'समीर' लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना दोनच ठोके, स-मीर, कारण शेवटचा र आपण अर्धाच म्हणतो. 'आदित्य' मात्र म्हणतानाही तीन ठोके घेतं. पाळण्याच्या गाण्यात नाव बसवायचं असेल तर म्हणून मोजा. एरवी लिहून मोजलेलं पुरतं.

पण तीनच का? दोन किंवा चार अक्षरांचं काय वाईट आहे?

वाईट काहीच नाही. बारशाला बाळ पाळण्याखालून-वरून फिरवताना बायका म्हणतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या', आणि ती दोन्ही नावं तीन अक्षरी आहेत, एवढ्यावरून नियम करायचा नसतो. पण आपल्याकडे तीन अक्षरं शोभतात याचं एक कारण आहे. ते म्हणजे आडनाव.

आपली आडनावं लांबलचक. केळुसकर, वेंगुर्लेकर, खोबरेकर, मालवणकर. गावाच्या नावाला 'कर' लागला की नुसतं आडनावच पाच-सहा अक्षरांचं होतं. त्यापुढे 'ओम' किंवा 'जय' टिकत नाही, पुकारताना आडनावच ऐकू येतं. चार-पाच अक्षरी नाव घेतलं तर 'पुरुषोत्तम वेंगुर्लेकर' म्हणताना हजेरी घेणाऱ्याला मध्ये दम घ्यावा लागतो. तीन अक्षरं नीट बसतात. अजित वाडेकर, सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर, सचिन तेंडुलकर ही नावं मोठ्याने म्हणून बघा. चारही आडनावं 'कर'वाली, चारही नावं तीन अक्षरी. मैदानावर ती घोषणेसारखी म्हटली गेली, यात त्यांच्या खेळाचा वाटा मोठा आहे हे कबूल, पण नावांनीही साथ दिली.

दुसरं कारण नवं आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. आईचं नाव तिथे आलं हे उत्तमच झालं. पण आता पूर्ण नावाचे चार तुकडे होतात. पहिला तुकडा आटोपशीर असला तर पुढचं सगळं फॉर्मच्या चौकटीत मावतं.

तुमचं आडनाव राणे, परब, लेले किंवा धुरी असेल तर हा सगळा विचार सोडून द्या. तुम्हाला पुरुषोत्तमही चालेल.

आडनावाशी नाव जुळतं की नाही हे कसं ओळखायचं?

शेवटचं अक्षर आणि आडनावाचा शेवट बघा. सागर मालवणकर, श्रीधर केळुसकर, मंदार पेडणेकर यांत र दोनदा आपटतो. चूक नाही, फक्त यमक होतं, आणि शाळेतली पोरं त्याचं गाणं करतात. शेवटी न, त, श, द, य असलं की 'कर' मोकळा राहतो : नितीन पेडणेकर, गणेश केळुसकर, अमेय खोबरेकर. नाव ज्या अक्षराने संपतं त्यानेच आडनाव सुरू होत असेल तर दोन्ही एकमेकांत घुसतात. 'विवेक केळुसकर' भरभर म्हणा, एक क गळतोच.

नाव निवडताना सर्वांत आधी काय बघावं? अर्थ, रास, की वेगळेपण?

यांपैकी काही नाही. हाक मारून बघा.

हे मी थट्टेने सांगत नाही. आपल्या वाडीत घरं एकमेकांना चिकटलेली नसतात. पडवीतून खळ्यात, खळ्यातून बागेत, बागेतून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे हाक जायची असते, आणि मध्ये माडांचा सळसळाट. मधलं अक्षर दीर्घ असलेलं तीन अक्षरी नाव इथे उत्तम चालतं, कारण लांबवायला जागा मिळते. समीऽऽर. गणेऽऽश. प्रसाऽऽद. केदाऽऽर. अनुस्वारही तेच काम करतो, म्हणून अनंत आणि मुकुंद लांबवर ऐकू जातात. वरुण, पवन, सलिल ही सगळी ऱ्हस्व अक्षरांची नावं जवळून गोड लागतात, पण लांबून मारायची तर ती ओढून 'वरूऽऽण' करावी लागतात. होतं तेही. पण घर रस्त्यापासून आत असेल तर विचार करा.

मग तेच नाव रागाने म्हणून बघा. दिवसातून निम्म्या वेळा ते तसंच उच्चारलं जाणार आहे.

मग त्याचा अपभ्रंश करून बघा. समीरचा सम्या, गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, संजयचा संज्या, विनयचा विन्या होणारच. यातून कुणी सुटलेला नाही. 'आमच्याकडे पूर्ण नावानेच हाक मारायची' असं बारशाला बजावणाऱ्या आईनेच पुढे पोराला 'गण्या' म्हटलेलं मी ऐकलं आहे. म्हणून अपभ्रंश टाळायच्या फंदात पडू नका. तो कानाला बरा लागतो ना, एवढंच बघा.

आणि शेवटची परीक्षा आजीची. ऋत्विज, हृदय, अगस्त्य अशी नावं आई-बाबांना आवडतात. आजी दोनदा प्रयत्न करते आणि सांगून टाकते, "माका ह्या नाव घेवक जमणा नाय." मग ती त्याला बाबू म्हणते, आणि पोरगं दहावीत गेलं तरी वाडीला बाबूच ठाऊक असतो.

समुद्राशी नातं सांगणारी नावं कोणती?

इथे निवडायला भरपूर आहे. सागर सगळ्यांना माहीत. अर्णव म्हणजेही समुद्रच. वरुण हा जलदेव. नारळी पौर्णिमेला आपण ज्याला नारळ वाहतो त्या समुद्राचा तो स्वामी, तेव्हा श्रावणात जन्मलेल्या मुलाला हे नाव फार छान. समीर आणि पवन वाऱ्याची नावं. शिडाच्या होड्या चालत होत्या तेव्हा वाऱ्याइतकं मोलाचं काहीच नव्हतं. तुषार म्हणजे उडालेले पाण्याचे थेंब. खडकावर लाट फुटते तेव्हा तोंडावर येतात ते. तरंग ऐकायला नाजूक आहे, पण मुलाला चालतं.

नीरज आणि नीरद यांत गल्लत होते. नीरज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. नीरद म्हणजे पाणी देणारा, ढग. मृगात जन्मलेला असेल तर नीरद घ्या. मल्हारही पावसाचंच, आणि शिवाय खंडोबाचं.

माझ्या आवडीचं एक फारसं न ठेवलं जाणारं नाव आहे, पुलिन. पुलिन म्हणजे पाण्याकाठची वाळू, पुळण. गणपतीपुळ्याचं 'पुळे' ऐकणाऱ्याला हे नाव परकं वाटू नये.

आणि अगस्त्य. आजीला जमत नाही हे वर आलंच, तरी या नावामागची गोष्ट किनाऱ्याची आहे. अगस्त्य ऋषींनी समुद्र पिऊन टाकला अशी पुराणकथा. त्यांच्या नावाचा तारा पावसाळा सरताना पहाटे दक्षिणेकडे दिसू लागतो, आणि अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं असं जुनी माणसं सांगतात. भाद्रपदात झालेल्या मुलाला ठेवायचं तर आजीसाठी 'अगस्ती' असं सोपं रूप घरात ठेवा. ते म्हणायला तिला काही अडचण येत नाही.

ग्रामदेवतेचं किंवा कुलदैवताचं नाव ठेवायचं आहे. तीन अक्षरांत कसं बसवू?

वेतोबा, रवळनाथ, सातेरी, भराडी ही आपली दैवतं. त्यांची नावं मुलांना सहसा थेट ठेवत नाहीत. मग वाट काढावी लागते.

राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे, आणि परुळ्याला आदिनारायणाचं. दोन्ही सूर्याची. तिथल्या भक्तांना आदित्य हे नाव आयतं मिळतं. चिपळूणजवळ परशुराम आहे. परशुराम भृगुकुळातले, म्हणून भार्गव. कोळिसऱ्याच्या लक्ष्मीकेशवावरून केशव. कुलदैवत गोव्यात असलेल्यांना मंगेश आणि नागेश तयारच आहेत. गणपतीपुळे, हेदवीकडचे असाल तर गणेश, अमेय, हेरंब, ओंकार.

मालवण, आचऱ्याचा रामेश्वर ज्यांचा देव आहे ते कधी कधी राघव किंवा श्रीराम सुचवतात. नावं सुंदर आहेत, पण रामेश्वर म्हणजे शंकर. महेश, गिरीश, केदार जास्त जवळचे.

नवसाने झालेल्या मुलाला प्रसाद. याहून नेमकं नाव नाही, आणि अशी पोरं आंगणेवाडीच्या जत्रेत शोधली तर ढिगाने सापडतील.

पत्रिकेत नावाचं अक्षर 'ण' आलंय. आता काय करू?

घाबरू नका. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं अशी ती जुनी वाटणी आहे. त्यात काही अक्षरं अशी आहेत की त्यांनी मराठीत नावच सुरू होत नाही. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. आश्लेषेला डी, डू, डे, डो. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ.

अशा वेळी भटजी बहुधा त्याच राशीतलं दुसरं अक्षर सुचवतात. हस्त कन्या राशीत येतं, तिथे प मोकळा आहे : प्रसाद, पराग, पवन, पुलिन. आर्द्रा मिथुनेत : केशव, केदार, किरण, कौस्तुभ. आश्लेषा कर्केत : हेमंत, हेरंब, हितेश. उत्तराभाद्रपदा मीनेत : दीपक, दिनेश, चिन्मय.

दुसरा मार्ग आणखी जुना आहे. जन्मनाव पत्रिकेत ठेवायचं आणि व्यवहारात वेगळं नाव लावायचं. संकल्पाला एक, शाळेला एक. यात देवाला फसवल्यासारखं काही नाही, आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. पत्रिका बघत नसाल तर हा प्रश्न तुमचा नाहीच.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, पण नाव जुनाट वाटतं.

कोणतं आहे त्यावर ठरेल. अनंत, माधव, मुकुंद, वामन, गोविंद, श्रीधर ही नावं मला अजिबात जुनाट वाटत नाहीत. उलट आताच्या यादीत ती उठून दिसतात.

भिकाजी, धोंडू, दगडू यांचं वेगळं आहे. आधीची मुलं गेलेली असत, म्हणून मृत्यूची नजर लागू नये यासाठी मुद्दाम हलकं नाव ठेवलं जाई. कोकणातच जन्मलेल्या महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं. ती भीती आता उरलेली नाही, तेव्हा असं नाव मधल्या पिढीने सोडलं तर आजोबांचा अपमान होत नाही. फार वाटत असेल तर आजोबांचं नाव जन्मनाव म्हणून घ्या.

हाकेचं नाव वेगळं ठेवायची प्रथाही यातूनच आली. सासऱ्याचं नाव सून तोंडाने घेत नसे, मग तेच नाव मुलाला असलं तर ती हाक कशी मारणार? घरात बाळ, बाबू, नाना, अण्णा असं काहीतरी चाले. रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचं नाव केशव, तीन अक्षरी आणि देखणं. पण घरातलं 'बाळ' पुढे बाळ गंगाधर होऊन इतिहासात गेलं. हाकेचं नाव जपून निवडा, ते चिकटतं.

इतिहासातलं नाव ठेवू का?

ठेवा. शिवाजी, संभाजी, तानाजी, कान्होजी ही सगळी तीन अक्षरीच आहेत. दर्यावर्दी घराला कान्होजी शोभेल, सरखेल आंग्र्यांची समाधी अलिबागेत आहे. फक्त हाकेत 'जी' गळून संभा, ताना, कान्हो उरणार हे धरून चाला.

इंटरनेटवर नावांचे अर्थ दिलेले असतात, ते खरे मानायचे का?

पडताळल्याशिवाय नाही. 'आरव' बघा. कित्येक याद्यांत त्याचा अर्थ 'शांत' दिलेला दिसेल. संस्कृतात रव म्हणजे आवाज आणि आरव म्हणजे ओरडा, गलका. पाळण्यातल्या पोराला नाव अगदी शोभतं, पण शांत म्हणून ठेवत असाल तर फसाल.

शिवांश, रुद्रांश यांचा अर्थ सरळ लागतो. रेयांश, कियांश यांतलं पहिलं पद मात्र संस्कृत कोशात मिळत नाही. कुणीतरी 'अंश'ला पुढे काहीबाही जोडलं, आणि यादीतून यादीत ते फिरत राहिलं. कोश बघायचा तर वामन शिवराम आपट्यांचा बघा. ते मूळचे आपल्या सावंतवाडीकडचेच. कोश हातात नसेल तर गावातल्या संस्कृत शिकवणाऱ्या सरांना एक फोन करा.

वेगळं नाव हवं म्हणून सगळे याच याद्या उघडतात, आणि मग अंगणवाडीत रियांश, अयांश, शिवांश शेजारी शेजारी बसतात. हाक एकाला मारली की तिघे वळतात.

आमचं घर बौद्ध आहे, पत्रिका-देवांची नावं नकोत. शेजारी मुसलमान आहेत, त्यांनाही असंच विचारायचं आहे.

बौद्ध घरांना तीन अक्षरांत उत्तम नावं आहेत : राहुल, गौतम, मिलिंद, सुगत, आनंद, अशोक, सिद्धार्थ. मिलिंद मला विशेष आवडतं, नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव. प्रश्न विचारणारा मुलगा घरात असावा. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं, तेव्हा हा वारसाही कोकणचाच.

शेजाऱ्यांना साहिल सांगा. अरबीतून आलेलं, अर्थ समुद्रकिनारा. हे नाव आता हिंदू घरांतही तितकंच रुळलं आहे, आणि किनाऱ्यावरच्या गावाला याहून मोकळं नाव सुचणं कठीण.

बारसं बाराव्या दिवशीच करायला हवं का? आत्या मुंबईला आहे.

बारावा दिवस ही रीत आहे, सक्ती नाही. चाकरमान्यांच्या घरात बारसं गणपतीत किंवा मे महिन्यात गावी होतं, तोवर बाळ चांगलं मान धरायला लागलेलं असतं. आत्या व्हिडिओ कॉलवर कुर्रर्र करते असंही हल्ली चालतं. पण कानाला फोन लावून बाळ दचकतं, तेव्हा आजीने आत्याच्या वतीने केलं तर बरं. आत्याचा मान म्हणून साडी मात्र पोचती करा, तिथे व्हिडिओ कॉल चालत नाही.

नाव ठरलं नाही तर जन्माची नोंद अडते का?

नाही. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची, नाव नसलं तरी ती होते. नाव नंतर घालता येतं : वर्षाच्या आत बिनाशुल्क, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तरी इतकं लांबवू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढे लायसन्स आणि मतदार यादी या सगळ्यासाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे.

नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, तुमच्या गावी नाही. सिंधुदुर्गातल्या बऱ्याच बाळंतिणी गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. मग नोंद आणि दाखला गोव्याचा. सासरच्या ग्रामपंचायतीत खेपा घालून उपयोग नसतो. घरी सोडतानाच हॉस्पिटलात विचारून घ्या की नोंद कुठल्या कार्यालयात पाठवली आहे.

इंग्रजी स्पेलिंग कसं ठरवायचं?

एकदाच ठरवा आणि बदलू नका. अर्णव, अथर्व, आरव यांना सुरुवातीला एक ए की दोन, शेवटी ए लावायचा की नाही, यावरून जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला अशी तीन स्पेलिंगं झालेली मी दरवर्षी बघते. दुरुस्तीला तालुक्याच्या चकरा तुमच्याच. अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून मध्ये जास्तीचं अक्षर घुसवू नका, नशिबाचं माहीत नाही पण क्लार्क ते हमखास विसरतो.

गोपाळसारख्या नावातला ळ इंग्रजीत ल होतो आणि परगावी पोरगा गोपाल होतो. चालत असेल तर ठेवा. मला चालतं.

मोठ्या मुलीच्या नावाशी जुळणारं हवं?

सायली-सायन, मीरा-मिहिर असं जुळवाल तर आयुष्यभर एकाला हाक मारताना दुसऱ्याचं नाव तोंडात येईल. नका जुळवू.

बाई, तुम्हीच एक नाव सांगा ना!

सांगते, पण एक नाही. हेरंब, कारण गणपतीच्या नावांत ते मागे पडलं आहे आणि आश्लेषेवाल्यांची अडचणही सोडवतं. निनाद, कारण हाकेला ते अप्रतिम आहे. भार्गव, आडनाव 'कर'वालं असेल तर नक्की. पुलिन, किनाऱ्यावर घर असेल तर. मिहिर, म्हणजे सूर्य, लिहायला आणि म्हणायला सोपं, आजीलाही. आणि मुकुंद. मधला अनुस्वार व्हाळापलीकडे पोचतो, आडनाव कुठलंही लावा बसतं, स्पेलिंगचा घोळ फारसा नाही, आणि हल्ली कुणी ठेवत नसल्यामुळे वर्गात तो एकटाच असेल.